एक माणूस, दोन खुर्च्या: जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या नेमणुका

फिलाडेल्फियाला डॉक्टर विल्यम ऑस्लर यांच्या खोलीवर एके दिवशी जॉन शॉ बिलिंग्ज आले. ते बसलेही नाहीत. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हे नवे रुग्णालय सुरू होते आहे, तिथला मेडिसिन विभाग सांभाळाल का, एवढेच त्यांनी विचारले. ऑस्लर ‘हो’ म्हणाले. बाकीचे वेल्चशी (तिथे आधीच नेमलेले प्राध्यापक) बोलून घ्या, मला आज घाई आहे, असे सांगून बिलिंग्ज जिना उतरले. ही हकिगत स्वतः ऑस्लर यांनीच पुढे सांगितली आहे. सगळे मिळून दोनेक मिनिटांत उरकले.

वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात हा किस्सा मोठ्या माणसांच्या झटपट निर्णयशक्तीचा नमुना म्हणून सांगितला जातो. माझे वाचन वेगळे आहे. हे काम दोन मिनिटांत झाले, कारण त्याआधीची बारा वर्षे तयारीत गेली होती. ते पद काय आहे, त्याच्याकडे कोणते वॉर्ड येणार, प्रयोगशाळा कुठे असणार, शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हे सारे ठरून गेले होते. फक्त माणसाचा होकार बाकी होता. आरोग्यविज्ञानाच्या महाविद्यालयात नवा अधिष्ठाता किंवा नवे विभागप्रमुख नेमायची वेळ आली की सगळी चर्चा ‘कोण’ या एका प्रश्नाभोवती फिरते. जॉन्स हॉपकिन्सचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण तिथे ‘कोण’च्या आधी ‘कशासाठी’ आणि ‘कोणत्या अटींवर’ हे प्रश्न सोडवले गेले. जिथे ते सोडवले गेले नाहीत, तिथे चांगली माणसे नेमूनही घोटाळा झाला. दोन्ही प्रकारचे पुरावे याच एका संस्थेत सापडतात.

मृत्युपत्र आणि एक पत्र

जॉन्स हॉपकिन्स हे बाल्टिमोरचे व्यापारी डिसेंबर १८७३ मध्ये वारले. सत्तर लाख डॉलरची त्यांची देणगी दोन समान भागांत वाटली होती: अर्धी विद्यापीठाला, अर्धी रुग्णालयाला. दोन संस्था, दोन विश्वस्त मंडळे. असे असले की भांडण ठरलेले. रुग्णालय म्हणते इमारत आमची, खाटा आमच्या. महाविद्यालय म्हणते विद्यार्थी आमचे, प्राध्यापक आमचे. मग एकाच वॉर्डात दोन हुकूम चालतात.

हॉपकिन्स यांनी यावर आधीच उपाय करून ठेवला होता. मृत्यूच्या काही महिने आधी, मार्च १८७३ मध्ये, त्यांनी रुग्णालयाच्या विश्वस्तांना एक पत्र लिहिले. हे रुग्णालय पुढे विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाचा भाग व्हावे, हे ध्यानात ठेवूनच त्याची आखणी करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शिवाय दोन्ही मंडळांवर बरीचशी माणसे तीच होती. पुढे नेमणुकांचा जो नियम ठरला त्याचे मूळ या पत्रात आहे: रुग्णालयातल्या विभागाचा प्रमुख तोच महाविद्यालयातला त्या विषयाचा प्राध्यापक. माणूस एक, खुर्च्या दोन.

आज हे साधे वाटते. त्या काळी अमेरिकेत ते साधे नव्हते. बहुतेक वैद्यकीय शाळा शहरातल्या डॉक्टरांनी मिळून चालवलेल्या असत, विद्यार्थ्यांची फी त्यांच्यातच वाटली जाई. व्याख्याने भरपूर, रुग्ण मात्र दूरच्या बाकावरून पाहायचा. प्राध्यापकपद हे शहरातल्या प्रॅक्टिसची पाटी मोठी करण्याचे साधन होते. रुग्णालयात कोणाला प्रवेश मिळेल हे रुग्णालय ठरवी, आणि प्राध्यापकाच्या हाती वॉर्ड असेलच असे नसे.

माणसे कशी निवडली

विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झाले. अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन. बिलिंग्ज हे लष्करी शल्यचिकित्सक, रुग्णालयाचा आराखडा त्यांचा. वैद्यकीय विभागासाठी माणसे शोधण्याचे कामही बरेचसे त्यांच्याकडे आले. युरोपात फिरताना लायप्झिगमध्ये त्यांची गाठ एका तरुण अमेरिकन डॉक्टराशी पडली होती. तो होता विल्यम वेल्च. १८८४ मध्ये पहिली नेमणूक त्यांचीच झाली, पॅथॉलॉजीचे, म्हणजे विकृतिशास्त्राचे, प्राध्यापक म्हणून.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. रुग्णालय उघडायला अजून पाच वर्षे होती, महाविद्यालय उघडायला नऊ. एकही खाट नाही, एकही विद्यार्थी नाही, आणि पहिला माणूस नेमला तो रुग्ण न तपासणारा, प्रयोगशाळेत काम करणारा. त्याला लगेच कामाला जुंपलेही नाही. वेल्च आधी वर्षभर जर्मनीत जाऊन नव्या जीवाणूशास्त्राचे शिक्षण घेऊन आले. पुढच्या नेमणुकांत त्यांचा शब्द चालला, कारण ते आधी आलेले होते. संस्थेत पहिला माणूस कोणत्या विषयाचा नेमता, यावर पुढच्या दहा जणांची निवड ठरते.

ऑस्लर कॅनडाचे. मॅकगिलमध्ये शिकवून ते १८८४ मध्ये फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले होते. त्याच वर्षांत त्याच शहरात आनंदीबाई जोशी शिकत होत्या, पण त्यांचे महाविद्यालय स्त्रियांसाठीचे वेगळे होते. १८८६ मध्ये त्या तिथून पदवीधर झाल्या. स्त्रीने डॉक्टर व्हायचे तर वेगळ्या दाराने आत जायचे, ही तेव्हाची रीत. ती कुठे मोडली आणि कुठे मोडली नाही, हे पुढे येतेच.

हॉवर्ड केली यांना स्त्रीरोग विभागासाठी ऑस्लर यांनी सुचवले. मे १८८९ मध्ये रुग्णालय उघडले तेव्हा केली ३१ वर्षांचे होते. वेल्च आणि ऑस्लर ३९ चे, शस्त्रक्रिया विभागाचे विल्यम हॉल्स्टेड ३६ चे. चौघांपैकी कोणी चाळिशी गाठलेली नव्हती.

सगळ्यात अवघड नेमणूक हॉल्स्टेड यांची. खरे तर विश्वस्तांची पहिली पसंती ते नव्हतेच. ग्लासगोचे विल्यम मॅक्यूएन यांना बोलावणे गेले होते. स्वतःच्या हाताखालच्या परिचारिका सोबत आणू द्याव्यात, ही त्यांची मागणी मान्य होईना, म्हणून त्यांनी नकार दिला. तेवढ्यावरून मॅक्यूएन यांना हटवादी म्हणायला मी तयार नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका कोणाच्या हुकमात असाव्यात, हा प्रमुखपदाच्या अधिकाराचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी रुजू होण्याआधी विचारला. विश्वस्तांचेही बरोबर होते, कारण परिचर्या विभागाला स्वतःचा प्रमुख द्यायचा हे त्यांनी ठरवले होते. दोन्ही बाजूंनी आपापली अट आधी सांगितली आणि दोघे वेगळे झाले. अशी फिसकटलेली नेमणूक ही यशस्वी नेमणुकीइतकीच मोलाची असते.

हॉल्स्टेड न्यूयॉर्कचे अत्यंत हुशार शल्यचिकित्सक. १८८४ मध्ये कोकेनच्या साहाय्याने भाग बधिर करण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि त्या द्रव्याचे व्यसन त्यांना जडले. १८८६ मध्ये ते प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात उपचारांसाठी दाखल झाले. त्यानंतर वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या प्रयोगशाळेत आणले. तिथे कुत्र्यांच्या आतड्यांवरच्या टाक्यांचा अभ्यास त्यांच्या हाती दिला. १८८९ मध्ये त्यांना नेमले ते हंगामी. १८९० मध्ये रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक केले. प्राध्यापकपद मिळायला १८९२ उजाडले.

म्हणजे एका माणसाला टप्प्याटप्प्याने, त्याचे काम पाहत पाहत वर चढवले. निवड समितीच्या एका बैठकीत हे साधले नसते. तरीही सगळे उघड झाले नव्हते. कोकेनच्या जागी आलेले मॉर्फिन अजून चालू आहे हे ऑस्लर यांच्या लक्षात आले होते. त्यांनी ते लिहून ठेवले आणि बंद केले. ते कागद १९६९ मध्ये उघडले गेले. हॉल्स्टेड १९२२ मध्ये मरेपर्यंत पदावर होते. त्या काळात थिएटरमधले रबरी हातमोजे, हर्निया आणि स्तनाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रिया, आणि शल्यचिकित्सक घडवण्याची वर्षानुवर्षांची निवासी पद्धत त्यांच्या विभागातून बाहेर पडली. वेल्च आणि ऑस्लर यांचे मौन योग्य होते का? मी या प्रश्नावर अनेकदा अडखळलो आहे. ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया होत होत्या त्यांना काहीच ठाऊक नव्हते. हॉल्स्टेड यांच्या कर्तृत्वाने तो प्रश्न मिटत नाही, असे मला वाटते. आज एखाद्या विभागप्रमुखाच्या बाबतीत सहकाऱ्यांनी असे गुपित राखले तर आपण ते समर्थनीय मानणार नाही, आणि मानूही नये.

परिचर्या विभागाला दिलेला प्रमुख म्हणजे इसाबेल हॅम्प्टन. रुग्णालय उघडले त्याच वर्षी त्या परिचारिकांच्या अधीक्षक आणि प्रशिक्षण विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून आल्या. इथेही तोच नियम: वॉर्ड आणि वर्ग एकाच व्यक्तीकडे. १८९४ मध्ये लग्न झाल्यावर त्यांनी पद सोडले आणि अ‍ॅडिलेड नटिंग यांनी ते सांभाळले. नटिंग याच विद्यालयाच्या पहिल्या तुकडीत शिकलेल्या. पाच वर्षांत वारस घरातच तयार झालेला होता, ही गोष्ट डॉक्टरांच्या नेमणुकांच्या गोंगाटात दुर्लक्षित राहते.

प्रमुख आहेत, विद्यार्थी नाहीत

विद्यापीठाचा वाटा मुख्यतः बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या शेअरमध्ये होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेने लाभांश देणे थांबवले आणि विद्यापीठाचा श्वास कोंडला. रुग्णालयाचा पैसा वेगळ्या ठिकाणी गुंतवलेला, म्हणून ते उघडू शकले. महाविद्यालय मात्र लांबणीवर पडले. १८८९ ते १८९३ अशी चार वर्षे विभागप्रमुख जागेवर होते आणि त्यांच्यासमोर एकही पदवीपूर्व विद्यार्थी नव्हता.

कोणत्याही हिशेबनिसाला ही उधळपट्टी वाटेल. पण त्या चार वर्षांत निवासी डॉक्टरांची उतरंड बसली. प्रमुख, त्याखाली अनेक वर्षे राहणारा मुख्य निवासी, त्याखाली साहाय्यक. ऑस्लर यांनी आपले पाठ्यपुस्तक याच काळात लिहून काढले. ते १८९२ मध्ये छापून आले. पदव्युत्तर डॉक्टर येऊन शिकत होते. पुढे विद्यार्थी आले तेव्हा त्यांना तिसऱ्या वर्षी बाह्यरुग्ण विभागात आणि चौथ्या वर्षी वॉर्डात थेट कामाला लावता आले, कारण तिथली घडी आधीच बसलेली होती. नवा प्रमुख रुजू होतो त्याच आठवड्यात त्याच्याकडून परीक्षांचे वेळापत्रक, तपासणी पथकाची फाइल आणि रिकाम्या जागांचा प्रस्ताव मागणाऱ्यांनी या चार वर्षांचा विचार जरूर करावा.

पैसे स्त्रियांचे, अटीही त्यांच्याच

कोंडी फोडली ती बाल्टिमोरच्या काही स्त्रियांनी. मेरी एलिझाबेथ गॅरेट, एम. केरी थॉमस आणि त्यांच्या मैत्रिणी. त्यांच्यापैकी बहुतेकींचे वडील याच संस्थांचे विश्वस्त. १८९० मध्ये त्यांनी एक लाख डॉलर गोळा करून देऊ केले. अट एकच: पुरुषांना ज्या अटींवर प्रवेश, त्याच अटींवर स्त्रियांना. विश्वस्तांनी ते स्वीकारले, पण पाच लाख जमल्याशिवाय महाविद्यालय उघडणार नाही असेही ठरवले. डिसेंबर १८९२ मध्ये गॅरेट यांनी उरलेले तीन लाख सहा हजार ९७७ डॉलर एकटीने भरले.

आणि अट वाढवली. प्रवेशासाठी आधी पदवी हवी, विज्ञानाचे विषय हवेत, फ्रेंच आणि जर्मन यायला हवे. या अपेक्षा मुळात वेल्च यांनीच कधीतरी कागदावर मांडल्या होत्या. आता त्या सक्तीच्या झाल्या म्हटल्यावर प्राध्यापकच बिचकले, इतके कडक नियम लावले तर विद्यार्थी येतील कुठून, म्हणून. गॅरेट हटल्या नाहीत. आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आलो नसतो, असे ऑस्लर वेल्च यांना म्हणाल्याचे सांगतात.

ऑक्टोबर १८९३ मध्ये पहिला वर्ग भरला. अठरा विद्यार्थी, त्यांत तीन स्त्रिया. पहिले अधिष्ठाता वेल्च. त्याच वर्षी ॲनाटॉमीला फ्रँकलिन मॉल, फिजिऑलॉजीला विल्यम हॉवेल, फार्माकॉलॉजीला जॉन एबल आले. तिघेही पूर्णवेळ पगारी, खासगी प्रॅक्टिस न करणारे.

या टप्प्यावर नेमणुकांचा विषय आणि प्रवेशाचा विषय वेगळे ठेवता येत नाहीत. महाविद्यालयाच्या नेतृत्वाला त्याची सगळ्यात महत्त्वाची अट घातली ती निवड समितीत नसलेल्या, कसलेही पद नसलेल्या एका स्त्रीने. तिची अट मान्य करणारे प्रमुख नेमले गेले नसते, तर तीही कागदावरच राहिली असती.

दुसरी पिढी

ऑस्लर १९०५ मध्ये ऑक्सफर्डला गेले. त्यांच्या जागी लेवेलिस बार्कर आले. इथवर सारे सुरळीत दिसते. पण खाली एक प्रश्न न सोडवता राहिला होता. ॲनाटॉमीचा प्राध्यापक पूर्णवेळ पगारी; मेडिसिन आणि शस्त्रक्रियेचा प्राध्यापक मात्र खासगी रुग्ण पाहू शकतो. दोघांच्या कमाईत जमीन-अस्मानाचे अंतर. मॉल यांना वर्षानुवर्षे वाटत होते की रुग्ण पाहणाऱ्या विभागांनाही हाच नियम लागू व्हावा.

१९१० मध्ये शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून आपला अहवाल दिला आणि त्यात हॉपकिन्सला नमुना ठरवले. लगेच १९११ मध्ये ते बाल्टिमोरला पुन्हा आले, या वेळी शिक्षणाला देणग्या देणाऱ्या रॉकफेलर यांच्या जनरल एज्युकेशन बोर्डाच्या वतीने. वेल्च, मॉल, हॉल्स्टेड यांच्याशी बोलणे झाले आणि योजना आकाराला आली: मेडिसिन, शस्त्रक्रिया आणि बालरोग या विभागांचे प्रमुख ठरावीक पगारावर पूर्णवेळ राहतील, खासगी रुग्णांची फी रुग्णालयाकडे जमा होईल. ऑस्लर यांनी ऑक्सफर्डहून लांबलचक पत्र लिहून विरोध केला. असे केले तर प्राध्यापक प्रयोगशाळेत मग्न होतील आणि रुग्णापासून तुटतील, ही त्यांची भीती. ऑक्टोबर १९१३ मध्ये बोर्डाने पंधरा लाख डॉलर दिले आणि योजना मंजूर झाली.

आता खुर्ची तीच, तिची किंमत वेगळी. बार्कर यांनी प्रॅक्टिस सोडायला नकार दिला आणि पूर्णवेळ पद घेतले नाही. १९१४ मध्ये न्यूयॉर्कहून थिओडोर जेनवे आले. ते उत्तम चिकित्सक होते, पण या व्यवस्थेत रमले नाहीत. सोडून जायच्या तयारीत असतानाच डिसेंबर १९१७ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. केली यांनी नवी व्यवस्था कधीच पत्करली नाही. १९१९ मध्ये ते बाहेर पडले.

पूर्णवेळ पद्धत तत्त्वतः मला पटते. शिकवणारा माणूस दुपारी दोनला गाडीत बसून आपल्या दवाखान्यात निघून जात असेल तर निवासी डॉक्टर कोणाकडे पाहून शिकणार? पण अमलात आणताना चूक झाली. १८८९ चे प्रमुख अटी ठरल्यानंतर आले होते. १९१३ मध्ये माणसे खुर्चीवर बसलेली असताना अटी बदलल्या, आणि तुम्हाला पटते का हे त्यांना विचारले ते जवळजवळ शेवटी. आठ वर्षे विभाग चालवणारा प्रमुख एका ठरावाने बाजूला पडला. तत्त्व जिंकले, मेडिसिन विभाग मात्र पाच वर्षांत तिसरा प्रमुख शोधत होता.

१९१७

त्याच वर्षी मॉलही वारले आणि ॲनाटॉमीची खुर्ची रिकामी झाली.

फ्लॉरेन्स सॅबिन १८९६ मध्ये या महाविद्यालयात शिरल्या, १९०० मध्ये पदवीधर झाल्या, ऑस्लर यांच्या हाताखाली त्यांनी इंटर्नशिप केली. मग मॉल यांच्या विभागात आल्या आणि लसिकावाहिन्या कशा उगम पावतात यावर त्यांनी काम केले. १९१७ पर्यंत विभागात त्यांची पंधरा वर्षे झाली होती. घरात तयार झालेला वारस म्हणतात तो हाच. इसाबेल हॅम्प्टन यांच्या जागी नटिंग यांना बसवताना या संस्थेने विचारात वेळ घालवला नव्हता.

विभागप्रमुख झाले लुईस वीड. १९१२ चे पदवीधर, सॅबिन यांचे एकेकाळचे विद्यार्थी. सॅबिन यांना हिस्टॉलॉजीचे, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या शास्त्राचे, प्राध्यापकपद दिले गेले. हॉपकिन्समध्ये पूर्ण प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. या दोन बातम्या एकत्र वाचल्या तर लक्षात येते की प्राध्यापक म्हणून मान दिला आणि विभाग मात्र दिला नाही. गॅरेट यांची अट विद्यार्थ्यांच्या प्रवेशाबद्दल होती. प्रमुखांच्या नेमणुकीबद्दल तिच्यात एक अक्षर नव्हते. जे लिहून घेतले होते ते संस्थेने चोवीस वर्षे पाळले. जे लिहिले नव्हते त्या ठिकाणी जुनी रीत जशीच्या तशी उभी होती.

हॉपकिन्स यांच्या पत्राचेही असेच झाले. गरीब रुग्णांना रंग न पाहता दाखल करावे, असे त्यात लिहिले होते. रुग्ण दाखल झाले, पण त्यांचे वॉर्ड वेगळे ठेवले गेले. विद्यार्थ्यांच्या वर्णाबद्दल पत्र काही म्हणत नव्हते. या महाविद्यालयातून पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर पदवी घेऊन बाहेर पडायला १९६७ उजाडले.

सॅबिन आणखी आठ वर्षे तिथेच शिकवत राहिल्या. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावले, स्वतःचा विभाग उभारायला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांनी बाल्टिमोर सोडले तेव्हा ॲनाटॉमीच्या प्रमुखपदी वीडच होते.